मॉरिशसचा पीएमएसडी पक्ष स्वातंत्र्याच्या विरोधात होता, तरी तो आजवर टिकला कसा? त्यांचं व्हिजन नेमकं काय?

प्रश्नाच्या खाली तुम्ही "गद्दारांचा पक्ष" असं लिहिलंय ना, म्हणून उत्तर लिहायला बसले, एरवी मी इथे नुसती वाचते. मी मूळची चिपळूणची. नवरा मॉरिशसचा मराठी, पुण्याला शिकायला आला होता, १९९४ ला लग्न करून मी इकडे आले. कास्काव्हेलच्या बाजूला आमचं घर आहे. आणि माझ्या सासऱ्यांनी १९६७ ला ह्याच पक्षाला मत दिलं होतं, कोंबड्याला. पीएमएसडीचं चिन्ह कोंबडा, रंग निळा. हिंदू असून कोंबड्याला मत दिलं म्हणून मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, सख्ख्या भावाने आयुष्यभर गद्दार म्हटलं, त्यामुळे तो शब्द मला सहन होत नाही.

आधी इतिहास उरकते. १९४८ ला लिहिता-वाचता येणाऱ्या सगळ्यांना मत मिळालं आणि मजूर पक्ष जोरात वर आला, तेव्हा गोरे साखरमालक आणि त्यांच्याबरोबरचा मध्यमवर्ग घाबरला. ज्यूल केनिग म्हणून एक वकील होते त्यांनी १९५० च्या दशकात राल्यमां मोरिसियां काढली, १९५५ ला तिचं नाव पार्ती मोरिसियां झालं, नंतर त्याला सोशल डेमोक्रॅट जोडलं, तोच हा पीएमएसडी. त्या नावावर जाऊ नका. तो मालकांचाच पक्ष होता, ऊस आणि साखर कारखाने ज्यांचे त्यांचा. मग १९५९ ला सरसकट सगळ्यांना मत आलं, आता नुसत्या मालकांच्या जोरावर निवडणूक लढता येणार नव्हती, आणि तिथे आले गाएतां द्युवाल. तरुण वकील, स्वतः क्रेओल (म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशातला), दिसायला देखणा, कपडे भडक, बोलायला लागला की माणसं झाडावर चढून ऐकायची म्हणे. किंग क्रेओल म्हणायचे त्याला. बंदरातले हमाल, कोळी, कारागीर, सगळी क्रेओल वस्ती त्याने मालकांच्या पक्षाच्या मागे उभी केली. १९६६ ला पक्षच त्याच्या हातात आला.

त्यांचं म्हणणं काय होतं, तर पूर्ण स्वातंत्र्य नको, ब्रिटनशी जोडून राहू, आणि जे काय ठरवायचं ते सार्वमत घेऊन ठरवा. ब्रिटनने सार्वमत दिलं नाही, निवडणूक घ्या आणि जो जिंकेल त्याचं ऐकू असं केलं. ७ ऑगस्ट १९६७ ला मतदान झालं. एका बाजूला रामगुलामांचा मजूर पक्ष, बिसुनदयालांचा आयएफबी पक्ष आणि मोहमदांची मुस्लिम समिती असे तिघे एकत्र, समोर एकटा कोंबडा. जागा ४३ विरुद्ध २७. आता मतं बघा, पीएमएसडीला सुमारे ४४ टक्के. शंभरातल्या चव्वेचाळीस माणसांना गद्दार म्हणायचं? मग तो देश कुणाचा होता?

लोक घाबरलेले होते हो. देशाची निर्यात म्हणजे जवळजवळ सगळी साखरच. ती साखर राष्ट्रकुलाच्या कराराने ठरलेल्या भावाने ब्रिटन घ्यायचं म्हणून इथल्या चुली पेटायच्या. १९६० च्या कॅरोल वादळात घरं उडून गेली होती. जेम्स मीड, ज्यांना पुढे नोबेल मिळालं, त्यांनी १९६१ च्या अहवालात लिहून ठेवलं होतं की लोकसंख्या अशीच वाढत गेली तर ह्या बेटाचं काही खरं नाही. हे सगळं माहीत असताना एखादा ऊसतोड मजूर म्हणाला की इंग्रजाचा हात एवढ्यात सोडू नका, तर त्याला पोटाची काळजी म्हणतात, गद्दारी नाही म्हणत.

मामंजी तेव्हा २७ वर्षांचे, साखर इस्टेटीवर ऊस तोडायचे. शाळा जेमतेम, पण हिशेब पक्का. त्यांचा जिवाभावाचा दोस्त क्रेओल होता, तामारँचा कोळी, तो द्युवालच्या सभांना जायचा आणि मामंजींना ट्रकमध्ये घालून न्यायचा. हे मला मामंजींनी सांगितलं ते १९९६ च्या मे महिन्यात, द्युवाल ५ मे ला गेले तेव्हा. मला इथे येऊन दोन वर्षं झाली होती, इथली क्रेओल भाषा नुकती कळायला लागली होती. रेडिओवर दिवसभर तेच चाललेलं. मामंजी मागच्या पडवीत बसलेले, ताट तसंच ठेवलेलं. मी ताट उचलायला गेले तर म्हणाले, सूनबाई, तो कोयता आण. ऊस तोडायचा जुना कोयता, रिटायर झाल्यावरही धार लावून ठेवायचे. तो एका फडक्यात गुंडाळलेला असायचा, मला वाटायचं जुन्या शर्टाचा तुकडा असेल. त्यांनी ते फडकं मांडीवर पसरलं आणि हाताने सुरकुत्या काढायला लागले. तेलाचे डाग पडलेले, रंग पार उडालेला, पण दुमडीच्या आत निळा होता अजून आणि कोंबड्याचा तुरा तेवढा दिसत होता. प्रचाराचं कापड होतं ते, १९६७ चं.

मग त्यांनी सांगितलं. निवडणुकीच्या आधी रोझ हिलला मिरवणूक होती, हे दोघं ट्रकवर मागे उभे. द्युवाल स्वतः "हिंदू माझा भाऊ" असं म्हणत फिरायचा, तसे बोर्डही होते. आणि त्याच मिरवणुकीत शेजारच्या ट्रकवरच्या पोरांनी ओरडायला सुरुवात केली, "मलबार नू पा उले". म्हणजे मलबार आम्हाला नकोत. इथे मलबार म्हणजे केरळचे नाहीत, भारतातून आलेल्या हिंदूंना सगळ्यांना सरसकट तो शब्द, आणि चांगल्या अर्थाने नाही. मराठ्यांना तर वेगळं बोंबाय म्हणायचे, आजे-पणजे मुंबई बंदरातून जहाजात चढले म्हणून, पण त्या दिवशी कोण फरक करतंय. दोस्ताने त्या पोरांना आईवरून शिव्या घातल्या. मामंजी काही न बोलता ट्रकवरून उतरले आणि चालत घरी आले. रोझ हिल ते कास्काव्हेल चालत, डोंगराला वळसा घालून.

मी विचारलं, मग तरी मत कोंबड्यालाच? म्हणाले, "मी घोषणेला मत नाय दिला, साकरेला दिला." ते मराठी असंच बोलायचे, अर्धं कोकणी वळणाचं, मधे क्रेओल. दुसरं कारणही सांगितलं, आणि ते तुम्हाला कुठल्या पुस्तकात चटकन मिळणार नाही. मजूर पक्षात चलती भोजपुरी बोलणाऱ्यांची होती. मराठी, तमिळ, तेलुगू आम्ही मूठभर. हिंदूंचं राज्य येणार म्हणजे कुठल्या हिंदूंचं, हा प्रश्न आमच्या वस्त्यांमधून विचारला जायचा, मोठ्याने नाही, पण विचारला जायचा. पीएमएसडी बरोबर त्याच्यावर बोट ठेवायचा.

जानेवारी १९६८ ला राजधानी पोर्ट लुईत क्रेओल आणि मुसलमान वस्त्यांमध्ये दंगल पेटली, माणसं मेली, ब्रिटिश सैन्य आणावं लागलं, स्वातंत्र्याच्या सोहळ्याला येणारी राजकन्या आलीच नाही. १२ मार्चला पोर्ट लुईच्या शां द मार्स मैदानावर स्वतंत्र मॉरिशसचा झेंडा चढला. काका, म्हणजे मामंजींचे धाकटे भाऊ, मजूर पक्षाचे कट्टर, सकाळीच बस करून गेले झेंडा बघायला. मामंजी घरी. संध्याकाळी काका परत आले आणि अंगणात उभं राहून सगळ्या वस्तीसमोर भावाला गद्दार म्हणाले. त्याच वर्षी चूल वेगळी झाली. दोस्त बायकापोरं घेऊन ऑस्ट्रेलियाला निघून गेला, त्या काळात हजारो क्रेओल आणि गोरे गेले तसा. मामंजींना त्याची दोन पत्रं आली, नंतर नाही.

आणि आता तो भाग ज्यासाठी मी द्युवालला कधीच माफ करणार नाही. १९६९ संपायच्या आत हाच द्युवाल रामगुलामांच्या सरकारात जाऊन बसला, परराष्ट्रमंत्री झाला! ज्यांच्या हातात देश देऊ नका म्हणून दोन वर्षं बेट पेटतं ठेवलं, त्यांच्याच मांडीला मांडी लावून. वर त्या युतीने १९७२ ची निवडणूक १९७६ वर ढकलली. नेता मंत्री झाला, मालकांचे ऊस कारखाने शाबूत राहिले, आणि मामंजींच्या कपाळावरचा शिक्का तसाच. कापडात कोयता गुंडाळायला लागले ते तेव्हापासून. क्रेओल कामगारांचंही मन तिथेच फाटलं, बेरांजेंचा एमएमएम हा डावा पक्ष १९६९ ला निघाला आणि पीएमएसडीची खालची सगळी माणसं घेऊन गेला. १९७६ ला कोंबड्याला ८ जागा राहिल्या. २७ वरून ८.

मग टिकला कसा, तर असा. एक, इथे एकट्याच्या बळावर सरकार येत नाही, प्रत्येक मोठ्या पक्षाला थोडी क्रेओल आणि शहरी मतं लागतात, ती पीएमएसडीकडे असतात. दुसरं, बेस्ट लूजर पद्धत, म्हणजे ६२ निवडून आलेल्यांवर ८ पर्यंत जागा हरलेल्या उमेदवारांमधून समाजाप्रमाणे भरतात, १९८२ ला एमएमएमच्या युतीने मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा घेतल्या तेव्हा द्युवाल त्याच दाराने आत आले आणि विरोधी पक्षनेते झाले. आणि घराणं. बापानंतर झाव्हिए-ल्यूक द्युवाल, त्यांच्यानंतर मुलगा आद्रियां.

व्हिजन विचारलंय तुम्ही. सुरुवातीला व्हिजन एकच, जे आहे ते राहू द्या. नंतर खासगी धंद्याला मोकळीक, फ्रान्स-युरोपशी जवळीक, पर्यटन, निर्यात-उद्योग, अल्पसंख्याकांच्या जागा राखणं. कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे आपल्याकडच्यासारखं धर्म-संस्कृतीवालं डोक्यात आणू नका. १९७० चा निर्यात क्षेत्राचा कायदा त्या युतीच्याच काळातला. माझी मोठी नणंद वीस वर्षं स्वेटरच्या फॅक्टरीत मशीनवर बसली, तिच्या पगारावर ह्या घराला स्लॅब पडला. मामंजी म्हणायचे बघ, साखर सोडून दुसरं काहीतरी पाहिजे होतं हे कोंबडेवाल्यालाच कळलं.

इथे खरं सांगायला पाहिजे, ती कल्पना द्युवालची एकट्याची नव्हती, प्रोफेसर लिम फात यांचं नाव त्यात आधी घ्यावं लागतं, आणि सही रामगुलाम सरकारची. मामंजींना मी हे कधी बोलले नाही. तसंच शागोस बेटांचं. ८ नोव्हेंबर १९६५ ला ब्रिटनने ती बेटं तोडून घेतली, बदल्यात ३० लाख पौंड, आणि पीएमएसडीचे मंत्री तेव्हा सरकारातून बाहेर पडले. त्यांचे लोक अजून छाती पुढे काढून सांगतात की आम्ही विरोध केला. विरोध मोबदल्याला होता, बेटं देण्याला नव्हता. तिथल्या माणसांचं कुणालाच पडलं नव्हतं, ना मजूर पक्षाच्या लाल झेंड्याला ना निळ्या. आणि "मलबार नू पा उले" ओरडणाऱ्यांना पक्षाने वेळेवर आवरलं नाही, हेही खरंच आहे.

काकांचं राहिलं. दर गणपतीत आमच्याकडे जेवायला यायचे आणि आरती झाली की एकदा तरी विषय काढायचे, मामंजी २०११ ला गेले तरी. २०१९ च्या गणपतीत मात्र मजूर पक्ष आणि पीएमएसडी यांच्या युतीची चर्चा चालू होती, येणाऱ्या निवडणुकीत काकांच्या मजूर पक्षाची चावी आणि आमचा कोंबडा एका पोस्टरवर येणार हे दिसत होतं. काकांनी सवयीने सुरू केलं, तुझा सासरा असा नि तसा. मी पुरणपोळी वाढत होते. म्हटलं, काका, निवडणुकीत तुम्ही युतीला मत देणार ना? म्हणाले, देणार, आजवर लाल सोडून कुठे दिलंय? म्हटलं, मग त्यात निळा पण असणार. मामंजींनी १९६७ ला दिलं ते तुम्ही २०१९ ला देताय, बावन्न वर्षांनी, तर गद्दार नेमका कोण? सगळे गप्प. नवऱ्याने डोळे वटारले माझ्यावर. काका पान अर्धं ठेवून हात धुवायला उठले. मला अजिबात वाईट वाटलं नाही. हे मी मामंजी असताना बोलायला पाहिजे होतं.

२०२४ ला पीएमएसडी परत उडी मारून तेव्हाच्या सत्ताधारी एमएसएम पक्षाकडे गेला आणि ती युती ६०-० ने आपटली, आद्रियां बेस्ट लूजर म्हणून आत आला. म्हणजे पक्षाला नावं ठेवायची तर ठेवा, संधिसाधू म्हणा, माझी हरकत नाही, मी स्वतः त्यांना एकदाही मत दिलेलं नाही. पण मत देणाऱ्यांना सोडा. प्रश्न तुम्हाला एडिट करता येतो, तेवढा तो एक शब्द काढा.