स्क्रू कपलिंग किती आवळायचं?

रेल्वेचे आयसीएफ डबे (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या रचनेचे प्रवासी डबे) स्क्रू कपलिंगने, म्हणजे आट्यांच्या जोडणीने, जोडताना गाडी पूर्ण थांबल्याशिवाय मधे शिरू नकोस. शॅकल, म्हणजे कपलिंगची लोखंडी कडी, समोरच्या डब्याच्या हुकात अडकव, मग स्क्रूचा दांडा फिरव. स्क्रूच्या एका अर्ध्या भागाला डावे, दुसऱ्याला उजवे आटे असतात, म्हणून दोन्ही टोकं एकदम ओढली जातात. डब्यांच्या टोकांवरचे धक्का झेलणारे बफर एकमेकांना टेकून किंचित दबले की थांब. ढिलं राहिलं तर गाडी सुटताना झटका थेट हुकावर आणि शॅकलवर येतो, तडे तिथूनच जातात. हिसडा बसला की सगळे इंजिनाला दोष देतात!

बफर किती बाहेर आलाय तेही मोज: हेडस्टॉकपासून (डब्याच्या टोकाच्या आडव्या तुळईपासून) 635 ते 584 मिमी. त्याहून कमी म्हणजे आतली स्प्रिंग किंवा रबर पॅड दबून बसलेत, तो बफर धक्का पचवणार नाही. होज पाइप (ब्रेकच्या हवेच्या नळ्या) सगळ्यात शेवटी जोड.