टाइमिंग आमच्या मुलीचं चांगलं, मग रिलेत दुसऱ्याच मुलीला कसं घेतलं?

पोहण्याच्या स्पर्धांचा मोसम आला की हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच. सूर ठरलेला असतो : सरांनी पार्शालिटी केली, क्लब बदलावा का?

पुण्यातल्या एका क्लबात पोहणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीचे बाबा एक्सेलची प्रिंटच घेऊन आले होते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) १०० मीटर फ्रीस्टाइल, वर्षभराच्या ट्रायल, पिवळ्या रंगात रंगवलेले आकडे. मुलीचं बेस्ट टाइमिंग १ मिनिट ८.४ सेकंद, ४×१०० रिलेत (चौघींनी एकीपाठोपाठ एक शंभर-शंभर मीटर पोहायचं) चौथी म्हणून घेतलेल्या मुलीचं १ मिनिट ८.९. "अर्धा सेकंद, मॅडम! पोहण्यात अर्धा सेकंद म्हणजे किती होतो, कल्पना आहे?" पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही त्यांनी हेच लिहिलं होतं, जरा जास्त कडक शब्दांत. मुलगी शेजारी बसून गॉगलची पट्टी बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

आकडे खरे होते. पण ट्रायलमध्ये पोहणारा शिटीची किंवा बझरची वाट बघत ब्लॉकवर, म्हणजे उडी घेण्याच्या चौथऱ्यावर, स्थिर उभा असतो. आवाज ऐकून पाय सुटेपर्यंत चांगल्या पोहणाऱ्यालाही साधारण ०.६ ते ०.७ सेकंद लागतात. रिलेत दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या क्रमांकावर असं नसतं. येणारी मुलगी भिंतीजवळ येताना दिसत असते, त्या अंदाजाने अंग आधीच पुढे झोकता येतं. फक्त तिचा हात भिंतीला लागेपर्यंत पायाचा अंगठा ब्लॉकवर हवा. ज्याला हे जमतं तो दोन-तीन दशांशांत सुटतो, म्हणजे बाबांचा अर्धा सेकंद जवळपास तिथेच भरून निघाला. आणि पाय आधी सुटला तर एकटी मुलगी नाही, चौघींची टीम बाद.

या सुटण्याचा सराव क्लबात शनिवारी व्हायचा. शनिवारी मुलीचा गणिताचा क्लास. शनिवार बुडाला तर रिले बुडेल हे क्लबाने ना कुठे लिहिलं होतं, ना कुणी सांगितलं होतं. इथे माझ्या मते चूक सरळ क्लबाची. ट्रायलआधी निकष सांगितले तर ती निवड. नंतर सांगितले की ती सबब वाटते, मग निर्णय कितीही बरोबर असो.

बाबांना बाहेर बसवलं. मुलगी आधी गप्प होती, मग एका दमात बोलली. "मला माहितीये मला का नाही घेतलं. प्रॅक्टिसला माझा पाय दोनदा आधी सुटला. आता ब्लॉकवर गेलं की पोटात गोळा येतो." घरी सांगितलंस? "बाबा चिडले असते. आणि जिला घेतलं ती माझी मैत्रीण आहे हो. रोज जेवताना बाबा तिचं टाइमिंग वाचून दाखवतात. आता ती चेंजिंग रूममध्ये माझ्याशी बोलत नाही."

म्हणजे दुखणी दोन होती आणि बाबा तिसऱ्याच जागी औषध लावत होते. त्यांना एवढंच सांगितलं की ग्रुपवर आता एक शब्दही नको, आणि ताटावर दुसऱ्याच्या मुलीचा विषय नको. ऐकताना त्यांचा चेहरा पडला, पण प्रिंटची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली.

सरांकडे जायचं ते मुलीनेच, प्रॅक्टिस संपल्यावर, इतर मुलं निघून गेल्यावर. "मला का नाही घेतलं?" असं विचारलं की समोरचा बचावात जातो. म्हणून आम्ही दोघींनी वाक्य घोळवलं : "सर, टाइमिंगशिवाय तुम्ही काय बघता? पुढची निवड कधी आहे?" तिसरा प्रश्न तिने स्वतःहून जोडला : "मला पहिली पाठवाल का?"

मला तो फार आवडला. पहिल्या क्रमांकावर साधाच स्टार्ट असतो, ट्रायलसारखा. कुणाच्या हाताकडे बघायचं नसतं. शिवाय पहिल्याचं टाइमिंग वैयक्तिक म्हणून धरलं जातं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ४×१०० फ्रीस्टाइल रिलेत ऑस्ट्रेलियाचा इमन सुलिव्हन पहिला पोहला आणि त्याचे ४७.२४ सेकंद जागतिक विक्रम ठरले. त्याच शर्यतीत अमेरिकेचा जेसन लेझाक शेवटी उतरून ४६.०६ मध्ये पोहला, सुवर्ण खेचून आणलं, पण विक्रमाच्या वहीत ते टाइमिंग नाही. पोरीला हे सगळं व्हिडिओ बघून पाठ होतं.

सर आधी थोडे आखडले. (मुलाने प्रश्न विचारला की शंका घेतली असं वाटणारे कोच अजून भेटतात.) मग म्हणाले, शनिवारी ये, बघू. क्लासची वेळ बदलून घेतली. पुढच्या आंतरक्लब स्पर्धेत ती 'ब' टीममध्ये पहिली पोहली. 'अ' टीम तीच राहिली. मैत्रीण बोलायला लागली, पण पूर्वीसारखं नाही. त्याला वेळ लागेल.

क्लब बदलण्याचं म्हणाल तर निकष दर वेळी माणूस बघून बदलत असतील, किंवा मुलाचा चारचौघांत पाणउतारा होत असेल, तर जरूर बदला. एका रिलेसाठी नको. आणि बदलायचाच झाला तर मोसम संपू द्या, मुलाला आधी विचारा, कारण पहाटे साडेपाचला गार पाण्यात उतरायचं असतं ते त्याला.