गाडी टायर खाते तेव्हा : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : आमच्या सात आसनी गाडीला १८५/६५ आर१५ मापाचे टायर आहेत. ३२,००० किलोमीटरलाच पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेला गुळगुळीत झाले. बाहेरच्या कडेला नक्षी अजून शिल्लक आहे. महिन्यातून दोनदा नाशिक-पुणे प्रवास असतो आणि गाडी बहुतेक वेळा भरलेली असते. दुकानदार म्हणतो, १९५/६५ टाका, तेही कडक रबराचे, मग वर्षानुवर्षे बघायला नको. टाकावेत का? (नाशिक)

उत्तर : आधी जुने टायर वाचा, मग नवे घ्या. तुमच्या टायरचे रबर वाईट नाही, चाकांचा कोन बिघडला आहे. दोन्ही टायर फक्त आतून खाल्ले जातात, तेव्हा चाके पुढच्या बाजूने बाहेर फाकलेली असतात (टो) किंवा वरून आत कललेली असतात (कॅम्बर). हे तसेच ठेवून महागातला महाग टायर टाकला, तरी तोही असाच जाईल.

घरी करता येईल अशी एक तपासणी आहे. गाडी उभी करून हँडब्रेक लावा, स्टिअरिंग पूर्ण वळवा, म्हणजे पुढच्या टायरची नक्षी समोर येईल. तिच्यावरून तळहात हलकेच आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखे लागले, तर टो बिघडला आहे. मात्र झिजलेल्या कडेला तार उघडी पडली असेल तर हात लावू नका, बोट कापते. अशा टायरवर पुण्याला जाणे तर सोडाच, गावातही गाडी काढू नका.

आता कामाचा क्रम. पहिल्यांदा लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड (चाकाला गाडीशी आणि स्टिअरिंगशी जोडणारे सुटे भाग) तपासून घ्या. बुश ढिले असले की अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवण्याच्या) मशीनवर उभ्या गाडीचे आकडे बरोबर येतात, पण ब्रेक दाबला की चाक पुन्हा सरकते. त्यामुळे 'अलाइनमेंट करूनही टायर खातोच' अशी तक्रार येते. सुटे भाग ठीक झाले की नवे टायर, मग बॅलन्सिंग (चाकाचे वजन सगळीकडे सारखे करणे), मग हवा बरोबर करून शेवटी अलाइनमेंट. आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला कागद मागून घ्या. 'झालं साहेब' यावर समाधान मानू नका.

मापाचे म्हणाल, तर १९५/६५ टाकू नका. १८५/६५ आर१५ चा व्यास साधारण ६२१ मिलिमीटर, १९५/६५ आर१५ चा ६३४. म्हणजे चाक दोन टक्क्यांनी मोठे. भरलेल्या गाडीत पूर्ण वळण घेताना ते चाकावरच्या कमानीतल्या अस्तराला घासू शकते, शिवाय स्पीडोमीटर दाखवतो त्याहून वेग जास्त असतो. कंपनीने दिलेले मापच ठेवा. त्याहून महत्त्वाचा आहे टायरवर मापानंतर लिहिलेला, तो किती भार पेलतो ते सांगणारा आकडा, ज्याकडे गिऱ्हाइकाचे लक्षच जात नाही. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ८४ म्हणजे ५००. सात माणसे आणि सामान नेणाऱ्या गाडीत चार टायर मिळून २४० किलोंचा फरक पडतो. मूळ टायरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा असेल, त्याच्या खाली उतरू नका. त्यामागचे वेगाचे अक्षरही (टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१० किलोमीटर) मूळ टायरपेक्षा खालचे घेऊ नका.

कडक रबराचा टायर जास्त चालतो हे खरे. पण साधारणपणे ओल्या रस्त्यावरची पकड त्यात कमी होते, आणि पावसाळ्यात तुमच्या नाशिक-पुणे वाटेवरचा चंदनापुरी घाट उतरताना हीच पकड लागते. काही टायरच्या कडेवर ट्रेडवेअर (नक्षीची झीज) ३०० किंवा ४०० असा आकडा असतो. जास्त आकडा म्हणजे जास्त आयुष्य, पण प्रत्येक कंपनी स्वतःची चाचणी स्वतः करते. म्हणून एकाच कंपनीचे दोन टायर तोलायला तो बरा, दोन कंपन्यांचे नाही. त्याच्याच शेजारी ट्रॅक्शन (ओल्या रस्त्यावरची पकड) आणि टेम्परेचर (उष्णता सोसण्याची ताकद) यांची अक्षरे असतात. तुमच्यासारख्या वापराला दोन्ही ठिकाणी 'ए' बघा आणि मगच ट्रेडवेअरकडे वळा.

भरलेल्या गाडीची हवा वेगळी असते. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत पूर्ण भारासाठीचा आकडा असेल, तर प्रवासाला निघताना तो धरा. हवा टायर थंड असताना, म्हणजे किमान तीन तास गाडी उभी राहिल्यावर तपासायची. कमी हवेवर टायरची बाजू सतत दबते-उठते, आत उष्णता साठते आणि थर सुटतात. महामार्गावर टायर फुटण्यामागे बऱ्याचदा हेच असते. दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायर पुढे-मागे बदलून घ्या.

प्रश्न : गाडी ७ वर्षांची, धावली फक्त १८,००० किलोमीटर. नक्षी भरपूर आहे. तरी टायर बदलायचे? (दादर)

उत्तर : नक्षी सांगते टायर किती धावला, वय सांगत नाही. कडेवर लांबोळ्या चौकटीत चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात. बाहेर दिसले नाहीत तर गाडीखाली वाकून आतल्या बाजूला बघा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षे ही कमाल मर्यादा, असे धरतात. तुमच्या टायरच्या खाचांच्या तळाशी किंवा बाजूवर बारीक भेगा दिसत असतील, तर नक्षी असूनही बदला. एखाद्या बाजूला फुगा आला असेल, तर आतले धागे तुटले आहेत. तो टायर त्याच दिवशी उतरवा, त्याला दुरुस्ती नाही. स्टेपनीचेही वय तेवढेच आहे, हे विसरू नका.

नवे घेताना टायर रिमवर चढण्याआधी चारही टायरांची तारीख दुकानातच वाचा. सहा महिन्यांहून जुना माल आम्ही तरी घेऊ नका म्हणू. सोबत चारही रबरी व्हॉल्व्ह नवे टाकून घ्या. किरकोळ किमतीची वस्तू आहे, पण जुना व्हॉल्व्ह मुळाशी चिरला की नव्या टायरची हवा बसते.

प्रश्न : बजेट दोनच टायरांचे आहे. गाडी पुढच्या चाकांवर चालते, म्हणून नवे पुढे टाकू ना? (रत्नागिरी)

उत्तर : नाही, मागे टाका. साचलेल्या पाण्यावर पुढची चाके तरंगली तर गाडी सरळ जाते, स्टिअरिंग हलके लागते आणि पाय आपोआप अॅक्सिलरेटरवरून उचलला जातो. मागची तरंगली तर गाडी मागून फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. पुढे जाणाऱ्या जुन्या टायरची नक्षी किमान ३ मिलिमीटर तरी हवी. कायद्याची मर्यादा १.६ आहे, पण कोकणातल्या पावसाला ती पुरत नाही. नक्षी ३ मिलिमीटरहून कमी असेल, तर थोडे थांबून चारही घ्या.

प्रश्न : नायट्रोजन भरावा का? (सोलापूर)

उत्तर : साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर घ्या, पण त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. त्यापेक्षा स्वतःचा प्रेशर गेज घ्या आणि महिन्यातून एकदा सकाळी, गाडी हलवण्याआधी लावा.