“बरोबर आहे का?”

मे महिन्यातल्या एका दुपारी एक आई माझ्या टेबलावर कापडी पिशवी ठेवून समोर बसली. पिशवीत शिरीषाच्या वाळक्या शेंगा, गुलमोहराच्या दोन लांब ‘तलवारी’, बहाव्याची एक काळी शेंग आणि मूठभर गोटे.

“मॅडम, पाच दिवसांचं शिबिर होतं, निसर्गातल्या वस्तूंपासून कला. बाकीच्या मुलांनी काय काय केलं त्याचे फोटो ताईंनी ग्रुपवर टाकले. हिनं नुसता कचरा गोळा केला. शाळेतही चित्रकलेच्या तासाला ‘मला येत नाही’ म्हणून बसून राहते. पुढं एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसवायचं होतं हो आम्हाला.”

मी मुलांबरोबर काम करते, सुट्टीत असे पालक दरवर्षी येतात. शब्द वेगळे, काळजी तीच: मूल सुरुवातच करत नाही. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत.)

मुलगी पाचवीत जाणारी, शांत, अक्षर मोत्यासारखं. पहिल्या भेटीत माझीच चूक झाली. मी तिच्यापुढं कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली आणि “तुला हवं ते काढ” म्हटलं. तिनं घर काढायला घेतलं. छपराची रेघ काढली, खोडली, परत काढली, परत खोडली. चौथ्यांदा खोडताना कागद फाटला. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, “सॉरी.” ज्या गोष्टीची तिला धास्ती, तीच मी तिच्यासमोर मांडली होती.

दुसऱ्या वेळी पिशवी मागवून घेतली, सतरंजीवर रिकामी केली आणि मीही खाली बसले. तिनं एक शेंग कानाशी नेऊन खुळखुळवली. मग लहान-मोठ्या शेंगांची ओळ लावली. मोडली. गोल केला. एक गोटा आत ठेवला, बाहेर काढला, परत आत. वीसेक मिनिटं असंच चाललं. मग तिचा नेहमीचा प्रश्न आला, “मावशी, बरोबर आहे का?”

“मला नाही माहीत. तुला काही हलवावंसं वाटतंय का?”

तिनं बराच वेळ बघितलं आणि बहाव्याची शेंग आडवीची उभी केली. त्या तासाभरात ती एकदाही सॉरी म्हणाली नाही.

कागदावरची रेघ खोडली तरी वळ राहतो. शेंग उचलली की जागा मोकळी होते, चुकल्याचा पुरावा मागे राहत नाही. शिवाय शिरीषाच्या शेंगांचा गोल कसा ‘दिसायला हवा’ हे कुणीच ठरवलेलं नाही, त्यामुळं तो चुकणार तरी कसा? ब्रिटिश कलाकार सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये ‘सुट्या वस्तूं’बद्दल हाच विचार मांडला होता: हलवता, जोडता, मोडता येईल असं जितकं जास्त हाताशी, तितका कल्पकतेला वाव जास्त. म्हणूनच मुलाला नमुना दाखवून ‘असंच कर’ म्हणणाऱ्या शिबिरात पानं-काड्या असूनही उपयोग होत नाही. ते पुन्हा चित्रकलेचं वर्गकामच.

मग मी आईला विचारलं, “शाळेचे प्रकल्प घरी कोण करतं?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. “रात्री अकरा वाजता मीच. तिला झोपवते आणि चिकटवत बसते. सगळ्यांचेच आईबाबा करतात हो, हिचंच वाकडंतिकडं गेलं तर?” तिचे डोळे भरून आले. मला तिचा राग आला नाही. ती खरंच मुलीला वाचवत होती. पण सकाळी उठल्यावर मुलीला रोज दिसत होतं की आपलं काम बदललंय, म्हणजे ते पुरेसं नव्हतं.

मी तिला पंधरा दिवसांसाठी एवढंच सांगितलं: मुलीच्या कामाला हात लावायचा नाही आणि “छान” म्हणायचं नाही. दिसतं ते बोलायचं. “पिवळ्या पाकळ्या कडेला ठेवल्यास.” “हा गोटा एकटाच आहे.” ऐकायला सोपं, आईला फार जड गेलं.

“पण मॅडम, संध्याकाळपर्यंत सगळं उडून जाणार. ठेवायचं काय?” मी तिला दारातल्या रांगोळीची आठवण दिली. रोज काढतो, रोज पुसतो, वाया गेली असं कुणी म्हणत नाही.

तिचा आणखी एक प्रश्न रास्त होता, विषारी काही हातात आलं तर? कण्हेर आणि गुंजा नकोतच, गुंजेचा दाणा कितीही देखणा असला तरी. रुईचा चीक डोळ्यांत जाता कामा नये. काम झालं की हात साबणानं धुवायचे. बाकी माती-पानांना घाबरण्याचं कारण नाही. घरी हळदीत चुना कालवून लाल रंग करा, लिंबू पिळून तो परत पिवळा करा, असंही सुचवलं. ते मुलीला फार आवडलं.

आता जुलै आहे. मराठीच्या वहीत ती अजून खोडते, चित्रकलेच्या तासाला अजून उशिरा सुरू करते. आमच्या भेटी चालू आहेत. शेंगांना पावसाळ्यात कीड लागेल म्हणून आईनं त्या आधीच उन्हात वाळवून डब्यात भरल्या. कुठल्या ठेवायच्या, कुठल्या टाकायच्या, हे तिनं मुलीला विचारलं.