जर्मनीच्या सहलीत नॉयश्वानस्टाइन पाहायलाच हवे का?

आई-वडिलांना घेऊन आठ दिवसांसाठी जर्मनीला निघाला आहात, यादीत म्युनिक, नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा, ब्लॅक फॉरेस्ट आणि कलोन आहे, आणि यातले काय गाळावे, असे आपण विचारले आहे. नॉयश्वानस्टाइन गाळावे. तो वेळ आणि जमल्यास ब्लॅक फॉरेस्टचाही वेळ ड्रेस्डेन शहराला द्यावा. आमचे दाजी हे उत्तर वाचून मला लगेच फोन करतील याची कल्पना असूनही मी हे लिहीत आहे.

माझी भाची बर्लिनला शिकत असताना ताई, दाजी आणि मी तिच्याकडे गेलो होतो. जर्मनीला जाऊन तो राजवाडा पाहिला नाही तर साताऱ्यात परतल्यावर लोकांना काय सांगणार, असा दाजींचा सवाल होता. म्युनिकहून फ्युसेनपर्यंत सुमारे दोन तास आगगाडी, तिथून बस, मग अर्ध्या-पाऊण तासाची चढण, आणि एवढे करून तिकिटावर छापलेल्या वेळेलाच आत सोडतात ते जेमतेम अर्ध्या तासासाठी, तेही फोटो काढायला बंदी घालून. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने १८६९ मध्ये या वास्तूचा पाया घातला, तेव्हा असल्या बुरुजांना लढाईत काही अर्थ उरला नव्हता. ते बुरुज शोभेचे आहेत. १८८६ मध्ये राजाचा मृत्यू झाला तेव्हा बांधकाम अर्धवटच होते, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच पैसे घेऊन लोकांना राजवाडा दाखवायला सुरुवात झाली. म्हणजे या जागेने प्रेक्षकांच्या गर्दीखेरीज दुसरा वेढा कधी अनुभवलेलाच नाही. परदेशी माणसाला तो परीकथेतला वाटतो तर वाटो. ज्याचे बालपण अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी गेले, त्याने त्यासाठी सहलीतला पुरा एक दिवस घालवू नये.

ड्रेस्डेन बर्लिनहून आगगाडीने दोन तासांवर आहे. युद्धात पडलेल्या आणि पुन्हा बांधलेल्या गावात बघायचे काय, हे दाजी वाटेत अनेकदा म्हणाले. तेथील राजवाड्यात ग्रीन व्हॉल्ट या नावाने ओळखला जाणारा सॅक्सनीच्या राजघराण्याचा जडजवाहिरांचा खजिना आहे, आणि त्याच्या ‘नव्या’ म्हटल्या जाणाऱ्या दालनांत योहान मेल्खिओर डिंगलिंगर या दरबारी सोनाराने घडवलेला औरंगजेबाचा दरबार आहे. होय, आपल्याच औरंगजेबाचा. दीड मीटरहून थोड्या कमी रुंदीच्या चांदीच्या चौथऱ्यावर पायऱ्या चढत गेल्या आहेत, सर्वांत वर छत्राखाली बादशहा बसला आहे आणि खाली सरदार हत्ती, घोडे, उंट आणि नजराणे घेऊन त्याच्या वाढदिवसाला दिल्लीत जमले आहेत. सोन्याच्या, मीनाकारी केलेल्या शंभरावर आकृत्या आणि सुमारे पाच हजार हिरे. डिंगलिंगर हिंदुस्थानात कधी आला नव्हता. तावर्निये आणि बर्निये यांच्यासारख्या प्रवाशांची वर्णने वाचून त्याने हे जग उभे केले, त्यामुळे त्यात चिनी वळणाच्या गोष्टीही बिनदिक्कत मिसळल्या आहेत.

दाजींनी काचेपलीकडे एक नजर टाकली आणि “भातुकली छान आहे” असे म्हणून ते पुढे निघाले. मी त्यांना थांबवले आणि काळ कोणता आहे ते पाहा, असे म्हटले. हे काम १७०१ ते १७०८ या काळातले आहे. औरंगजेबाने दिल्ली सोडली १६७९ मध्ये, आणि नंतर त्याला ती पुन्हा दिसली नाही. १७०० च्या एप्रिलमध्ये त्याने आमचा सातारा घेतला, तोही काही महिन्यांच्या वेढ्यानंतर आणि स्वतःच्याच सुरुंगाच्या स्फोटात स्वतःची शेकडो माणसे गमावून. डिंगलिंगर पहिले हिरे बसवत होता तेव्हा बादशहा पन्हाळ्यापुढे बसला होता. मग विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. एक गड घ्यावा आणि पाठ फिरताच मराठ्यांनी तो परत घ्यावा, असा तो हिशेब होता. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ, म्हणजे आताच्या अहिल्यानगरजवळ, त्याचा अंत झाला तेव्हाही तिकडे ड्रेस्डेनमध्ये त्याच्या वाढदिवसाचा थाट पुरा व्हायचा होता. डिंगलिंगरचा धनी, सॅक्सनीचा इलेक्टर (म्हणजे सम्राटाच्या निवडीत मत असलेला राजा) आणि पोलंडचा राजा झालेला बलाढ्य ऑगस्ट याला जगातला सर्वांत श्रीमंत आणि निरंकुश सत्ताधीश म्हणून जो माणूस हवाहवासा वाटत होता, तो प्रत्यक्षात सह्याद्रीच्या चिखलात छावणी हलवत होता. हे एवढे सारे मी काचेसमोर उभा राहून जरा मोठ्या आवाजात सांगितले असावे, कारण तिथल्या रखवालदार बाईंनी बोटाने गप्प राहायची खूण केली. भाची हसत होती. ताई मात्र तिथून हलायला तयार नव्हती आणि दाजींना बाकावर बसून वाट पाहावी लागली, याचा राग ते आजही माझ्यावरच काढतात.

त्याच मजल्यावर सुमारे ४१ कॅरटचा हिरवा हिरा आहे, तोही हिंदुस्थानच्या खाणीतला मानला जातो. ऑगस्टच्या मुलाने तो १७४२ च्या सुमारास विकत घेतला. तो चुकवू नये.

आई-वडिलांना किल्लाच दाखवायचा असेल तर ड्रेस्डेनहून एल्बे नदीच्या काठाने लोकल गाडीने चाळीसेक मिनिटांत क्योनिगस्टाइनला जावे. सपाट माथ्याच्या वालुकाश्माच्या डोंगरावर साडेनऊ हेक्टरांचा हा गड नदीपासून सुमारे २४० मीटर उंच आहे. कडाच तट झाला आहे आणि जिथे कडा कमी पडला तिथे चिरेबंदी चढवली आहे. सोळाव्या शतकात खाणकामगारांनी खडक फोडून खणलेली त्याची विहीर १५२ मीटरहून अधिक खोल आहे. गडावर पाण्याची सोय असल्याखेरीज गड टिकत नाही, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. हा गड लढून कोणी घेतला नाही. दुसऱ्या महायुद्धात ग्रीन व्हॉल्टमधला खजिना येथेच हलवला होता, म्हणून फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावात राजवाडा जळाला तरी खजिना वाचला. पुढे सोव्हिएत फौजांनी तो नेला आणि १९५८ मध्ये परत केला. दिल्लीचा तो दरबार अखेर एका गडाच्या आसऱ्याने तगला, हे मी दाजींना गडावरच ऐकवले. त्यावर त्यांनी तिथल्या उपाहारगृहातल्या सॉसेजची स्तुती केली.

जुलै २०२५ मध्ये लुडविगचे राजवाडे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा दाजींनी ती बातमी मला पाठवली, आणि ड्रेस्डेनचे एल्बे खोरे नव्या पुलापायी २००९ मध्ये त्याच यादीतून काढून टाकले होते, हेही त्यांनी शोधून काढले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्याच अधिवेशनात आपले मराठा लष्करी स्थापत्यही यादीत गेले, त्या बारा किल्ल्यांत आमच्या जिल्ह्यातला प्रतापगड आहे आणि अजिंक्यतारा नाही. म्हणून दाजी रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर चालायला जाणे बंद करणार आहेत काय, असे मी विचारले. उत्तर अजून आलेले नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे. कलोन ठेवावे, कॅथेड्रल स्टेशनच्या दारातच आहे, १२४८ मध्ये सुरू होऊन १८८० मध्ये पुरे झालेले ते काम बाहेरून पाहूनही मान दुखते, मात्र मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या वडीलधाऱ्यांना नकोत. ब्लॅक फॉरेस्टबद्दल मला ना प्रेम ना वैर. ड्रेस्डेनचा राजवाडा मंगळवारी बंद असतो, हे पाहून बेत आखावा. ‘ऐतिहासिक’ ग्रीन व्हॉल्टचे वेळ ठरलेले तिकीट वेगळे काढावे लागते, दरबार मात्र त्यात नसून नव्या दालनांत आहे. क्योनिगस्टाइनवर जायला लिफ्ट आहे, पण गावातून तिथपर्यंतची चढण बरीच असल्यामुळे छोट्या बसच्या वेळा आधी पाहून ठेवाव्यात. बरोबर लहान मुले असतील, किंवा आईंनी त्या राजवाड्याचे चित्र पाहून मन बसवले असेल, तर नॉयश्वानस्टाइनला अवश्य जावे, तिकीट घरूनच काढावे, आणि मारिएनब्र्यूक या पुलावरून त्याला बाहेरूनही पाहावे. तिथून तो सुंदर दिसतो, एवढे मी दाजींसमोरही मान्य करतो.