महाग लेन्स टाकली तरी बाबा नाराज

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही नाशिक रोडला राहतो. बाबा 67 वर्षांचे, दोन महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. चष्मा लागणारच नाही असं सांगितलं म्हणून जास्तीचे पैसे भरून ट्रायफोकल लेन्स टाकली. दिवसा पेपर वाचतात, मोबाईल बघतात, सगळं छान. पण अंधार पडल्यावर द्वारका चौकातून स्कूटर काढली की समोरचे लाईट फुटतात, भोवती गोल कडी दिसतात. शेजारच्या काकांनी साधी लेन्स टाकली, ते एकदम खूश. बाबा रोज म्हणतात पैसे पाण्यात गेले. आता डाव्या डोळ्यालाही तीच टाकायची का? आणि पहिली बदलता येते का?

उत्तर : ताई, बाबांना खरंच तसं दिसतंय, वयामुळे वाटतं म्हणून त्यांना गप्प बसवू नका. ट्रायफोकल लेन्सवर अगदी बारीक रिंगा असतात, त्या आत येणारा प्रकाश लांब, मधलं आणि जवळ असा वाटून देतात. म्हणजे लांबचं बघतानासुद्धा जवळच्या वाट्याचा प्रकाश आत धूसर पसरलेला असतोच, दिवसा ते जाणवत नाही, पण रात्री काळोखात एकटा हेडलाईट समोर आला की त्याच्याभोवती तेच कडं होऊन दिसतं. काकांच्या साध्या, म्हणजे मोनोफोकल लेन्समध्ये सगळा प्रकाश एकाच अंतरासाठी, म्हणून रात्रीचं स्वच्छ दिसतं, पण पेपर वाचायला काका चष्मा लावत असणार, विचारून बघा.

दोन महिने म्हणजे अजून लवकर आहे. मेंदूला या लेन्सची सवय व्हायला तीन ते सहा महिने जातात, कधी त्याहून जास्त, बहुतेकांना कडी जाणवायची कमी होतात, सगळ्यांची नाही, हेही खरं.

पण नुसतं थांबू नका. डोळ्याचा नंबर परत काढून घ्या, थोडासा नंबर किंवा सिलिंडर (तिरपा नंबर) राहिला असेल तर या लेन्समध्ये तो साध्या लेन्सपेक्षा जास्त त्रास देतो. संध्याकाळची वेळ घ्या, ट्रायल फ्रेममध्ये, म्हणजे नंबर तपासायच्या चष्म्यात, तो नंबर घालून बाबांना दवाखान्याच्या दारात उभं करा आणि रस्त्यावरचे लाईट बघायला सांगा, लाईट आवरल्यासारखे वाटले तर गाडी चालवताना बारीक नंबरचा चष्मा लावून काम भागेल. डोळे कोरडे पडलेत का तेही बघायला सांगा, नाराजीचं ते फार मोठं कारण असतं आणि ड्रॉप्सने बराच फरक पडतो. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा (रेटिनाचा) ओसीटी, म्हणजे स्कॅन, झाला नसेल तर तोही करून घ्या.

लेन्स बदलता येते, पण ते दुसरं ऑपरेशन आहे, त्यात धोका आहे, म्हणून अगदी शेवटचा उपाय. जितका उशीर तितकी लेन्स आत घट्ट बसते. आणि बदलायचा विचार डोक्यात असेल तर लेन्समागचा पडदा (लेन्स जिच्यात बसते ती पातळ पिशवी, रेटिना नव्हे) गढूळ झालाय म्हणून याग लेझर करायची घाई करू नका, लेझरने तो पडदा उघडला की बदलणं फार अवघड होतं.

डाव्या डोळ्याची तारीख मोतीबिंदू पिकला नसेल तर थोडी पुढे ढकला. दोन्हीकडे तीच लेन्स असली की सवय लवकर होते असं डॉक्टर सांगतील, त्यात तथ्य आहे, पण रात्री स्कूटर चालवणाऱ्या माणसाला तपासण्या होऊनही त्रास उरला तर माझं मत डावीकडे लांबच्या नंबरची मोनोफोकल टाका असंच आहे, उजवा वाचायला, डावा रात्रीच्या रस्त्याला. अशी जोडी जमलेले पेशंट चांगले समाधानी असतात. वाईट याचं वाटतं की माणूस रात्री गाडी चालवतो का हे ऑपरेशनच्या आधी विचारायला पाच मिनिटं लागतात, ते न विचारता चष्मा लागणारच नाही म्हणून शब्द कसा काय देतात!

प्रश्न : येवल्यात पैठणी विणतो, वय 56, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बजेट कमी आहे, कोणती लेन्स घेऊ?

उत्तर : दादा, मोनोफोकलच घ्या, आणि स्वस्तातली घेतली म्हणून मन खट्टू करू नका. मदुराईची ऑरोलॅब 1992 पासून लेन्स बनवतेय, आपल्याकडच्या लेन्स स्वस्त आहेत आणि चांगल्याही आहेत. तुमचं काम रेशमाच्या बारीक धाग्यांचं, जवळजवळच्या रंगांतला फरक ओळखायचं, ट्रायफोकलमध्ये तो फरक जरा फिका पडू शकतो.

बहुतेक जण मोनोफोकल लांबच्या नंबरची टाकतात आणि जवळच्या कामाला चष्मा लावतात. तुम्ही उलटं करू शकता. मागावर नेहमीसारखं बसा, घरातल्या कोणालातरी टेपने डोळ्यापासून विणकामापर्यंतचं अंतर मोजायला सांगा आणि तो आकडा डॉक्टरांना द्या. 50 सेंटीमीटर भरलं तर साधारण उणे दोन नंबर ठेवून लेन्स निवडतात, मग मागावर चष्मा नको, गाडी चालवताना मात्र लागेल. आधीपासून उणे नंबरचा चष्मा असेल तर हे लवकर अंगवळणी पडतं. शुगर असेल तर डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) आधी तपासून घ्या. पहिला डोळा झाला की डॉक्टरांना विचारून काही दिवसांनी मागावर बसून बघा, अंतर थोडं मागेपुढे हवंसं वाटलं तर दुसऱ्या डोळ्याच्या लेन्समध्ये तेवढा फरक करून घेता येतो.