दोन घासांत आवड लागत नाही

प्रश्न : ताई, लग्नाला दोन वर्षं झाली. बायको शिकायला जपानला होती, तिथे तिला नात्तोची, म्हणजे आंबवलेल्या चिकट सोयाबीनची, आवड लागली, आणि उग्र वासाची चीज तर तिला जिवापाड आवडतात. ती डबा उघडते तेव्हा मला खरंच मळमळतं, मी उठून दुसऱ्या खोलीत जातो आणि ती एकटीच खात बसते, ते बघवत नाही. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा घास तोंडातून बाहेर आला. ही आवड मुळातच असावी लागते की लावून घेता येते?

उत्तर : लावून घेता येते. आणि तिच्यासोबत बसून खायचंय म्हणून तुम्ही हे विचारताय, हे मला फार आवडलं.

आधी एक सांगते, मळमळतं यात तुमचं काहीच चुकत नाही. नात्तोला अमोनियाचा वास असतो, लिम्बर्गरसारख्या चीजला गंधकाचा आणि घामट पायांचा, आणि असे वास बहुतेक वेळा कुजलेल्या गोष्टींना येतात म्हणून नाक लगेच सावध होतं. पायांचं साम्य तर अगदी खरं आहे, कारण त्या चीजच्या सालीवर जे बॅक्टेरिया वाढतात त्यांचे जवळचे भाऊबंद आपल्या कातडीवर राहतात. पण नाक एकटं ठरवत नाही हो. 2005 साली एक प्रयोग छापून आला होता, त्यात लोकांना एकच वास दिला, आयसोव्हॅलेरिक आम्लाचा (घामट पायांना येतो तसला), थोडा चेडर चीजचा वास मिसळून. सोबत कधी 'चेडर चीज' असं लिहून दाखवलं आणि कधी 'अंगाचा वास'. चीज म्हटल्यावर तोच वास लोकांना जास्त चांगला वाटला, मेंदूतली हालचालसुद्धा वेगळी दिसली. म्हणजे डबा उघडला की तुमच्या मनात कोणता शब्द येतो तो बघा. 'सडलंय' येत असेल तर तो आधी बदला, बायकोला विचारा की तिला त्यात नेमकं काय लागतं, भाजलेल्या दाण्यांसारखं, खारट, मांसासारखं, जे सांगेल ते ऐका आणि खाताना तेच शोधा.

दुसरं म्हणजे वास दोन वाटांनी येतो. एक बाहेरून नाकपुडीतून, आणि दुसरा घास चावताना घशाच्या मागून वर नाकात. बाहेरून नकोसा वाटणारा वास आतून बऱ्याचदा चक्क चविष्ट लागतो, कारण तेव्हा त्याच्यासोबत मीठ, स्निग्धता आणि तो मांसाच्या रश्शासारखा भरीव, म्हणजे उमामी, स्वाद असतो. म्हणून खाण्याआधी डब्यात नाक घालून हुंगायचं नाही. मला ब्लू चीज, म्हणजे निळ्या बुरशीचं चीज, असंच आवडायला लागलं. वाटाण्याएवढा तुकडा, फ्रिजमधून काढल्या काढल्या, पिकलेल्या नासपतीच्या फोडीवर ठेवून आणि वर मधाचा थेंब, श्वास न घेता तोंडात आणि मग चावताना हळूच नाकाने श्वास सोडायचा. पहिल्या चार-पाच वेळा नुसतं सहन केलं, साधारण सातव्या वेळी गार फोडीतून ती खारट निळी चव वर आली आणि मी आपणहून दुसरा तुकडा घेतला.

तुम्ही दोनदा करून सोडलंत, ते फार कमी आहे. 1982 साली दोन वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास झाला होता, त्यांना अनोळखी चीज आणि फळं कमी-जास्त वेळा चाखायला दिली, काही 2 वेळा तर काही 20 वेळा. जे जास्त वेळा चाखलं तेच मुलांनी जास्त निवडलं. मोठ्यांचंही फार वेगळं नसतं, म्हणून दहा-पंधरा वेळा तरी धरून चाला, आठवड्यातून दोनदा आणि अगदी एवढुसं. घास मोठा घेतलात की शरीर भांडतं.

सुरुवात शिजवलेल्यापासून करा. फिश सॉसचे, म्हणजे आंबवलेल्या माशांच्या सॉसचे, चार थेंब उकळत्या सूपमध्ये टाकले की वास बराच उडून जातो आणि चव मागे राहते, ब्लू चीज क्रीममध्ये वितळवून पास्त्याला लावलं तर तेही बरंच मवाळ होतं. किमची, म्हणजे कोरियन आंबवलेली भाजी, असेल तर ताजी खा, जुनी जास्त आंबट आणि तीव्र असते. नात्तो सगळ्यात शेवटी ठेवा, कारण तिथे वासाबरोबर ती चिकट तारही पचवायची असते. ती तार सोयाबीन आंबवणारे बॅक्टेरियाच बनवतात. चॉपस्टिकने जोरजोरात ढवळलं की तारा पांढऱ्या फेसासारख्या होतात, मग त्यात मोहरीची पेस्ट, सोया सॉस आणि भरपूर पातीचा कांदा. भातावर घालायचा तर आधी कोमट भातावर, वाफाळत्या भातावर वास एकदम अंगावर येतो.

आणि पोट बिघडलेलं असेल, ताप असेल तेव्हा अजिबात नको, खाल्ल्यानंतर एकदा जरी उलटी झाली तरी त्या पदार्थाची शिसारी वर्षानुवर्षं बसू शकते, मग दोष त्या पदार्थाचा असो वा नसो. औषधांचंही बघा. रक्त पातळ करायला वॉरफरिन चालू असेल तर नात्तो नको, त्यात के जीवनसत्त्व खूप असतं. नैराश्यावरच्या एमएओआय गटातल्या गोळ्या चालू असतील तर जुनं मुरलेलं चीज धोक्याचं, आणि गरोदरपणात कच्च्या दुधाचं मऊ चीज टाळावं.

प्रश्न : ज्याला मुळातच घाण वास येतो ते खराब झालंय हे ओळखायचं कसं?

उत्तर : फक्त वासावर जाऊ नका. बोट्युलिझमचं, म्हणजे अन्नातल्या एका बॅक्टेरियाचं जीवघेणं, विष वासावरून कळतच नाही, त्यामुळे 'वास ठीक आहे' म्हणजे सुरक्षित असं नाही. भाज्या आंबवताना मीठ मोजून घाला, भाजीच्या वजनाच्या 2 ते 3 टक्के, आणि भाजी पाण्याखाली बुडलेली ठेवा. वर पातळ पांढरी साय आली तर ती बहुधा यीस्टची असते, पण केसाळ, गुलाबी किंवा काळी बुरशी दिसली की सगळं फेकून द्यायचं, वरचं काढून खालचं खायचं नाही. फुगलेला सीलबंद डबाही फेकायचा. याला अपवाद म्हणजे स्वीडनचं सुरस्ट्रॉमिंग, ते हेरिंग मासे डब्यातही आंबत राहतात म्हणून तो डबा फुगतोच, आणि लोक तो अंगणात, बऱ्याचदा पाण्याखाली धरून उघडतात.

प्रश्न : आमची चार वर्षांची मुलगी चीजचा वास आला की नाक दाबते. थोडं जबरदस्तीने भरवावं का?

उत्तर : नको, अजिबात नको. जबरदस्ती केली की तो घास आणि ती भीती एकत्र लक्षात राहते. तिच्यासमोर तुम्ही आवडीने खा, तिच्या ताटात एक कण ठेवा आणि तिने नाही खाल्ला तर काही न बोलता उचलून घ्या. नाक दाबलं तरी दाबू दे, तोंडात टाकून परत काढलं तरी ओरडू नका, तेही चाखणंच झालं.